पडवीतल्या लाईटवर येणारे बारके पतंग ओळखायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की तेच तेच प्रश्न फोटोसकट यायला लागतात, म्हणून सगळे एकाच जागी लिहून ठेवले. उत्तरं महाराष्ट्र-गोव्यात नेहमी दिसणाऱ्या पतंगांपुरती आहेत आणि मुख्यतः बारक्यांची, म्हणजे बसलेला असताना नखाएवढा किंवा त्याहून थोडा मोठा. तळहाताएवढे ॲटलास, मून मॉथ वगैरे इथे नाहीत, ते ओळखायला तसंही फार डोकं लागत नाही.

१. हे पतंग आहे की फुलपाखरू, पटकन कसं कळणार?

मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची मिशी दोऱ्यासारखी निमुळती नाहीतर पिसासारखी फणेरी. "पंख मिटून उभे धरले तर फुलपाखरू, पसरून बसलं तर पतंग" हा नियम नेटवर सगळीकडे आहे पण तो अर्धाच खरा, कारण पंख उभे धरणारे पतंगही आहेत आणि पसरून बसणारी फुलपाखरंही. रात्री लाईटवर आलंय म्हणजे पतंगच, हेही शंभर टक्के नाही. इव्हनिंग ब्राऊन नावाचं वाळक्या पानासारखं दिसणारं फुलपाखरू संध्याकाळी उडतं आणि बऱ्याचदा ट्यूबलाईटखाली भिंतीवर येऊन बसतं. तरी शक्यता पतंगाचीच जास्त, कारण भारतात फुलपाखरांच्या जाती दीड हजाराच्या आसपास आणि पतंगांच्या दहा हजारांच्या वर.

२. लाईटवर जे बारकं पाखरू येतं ते पतंगच का?

नाही हो. पहिल्या पावसानंतर ढिगाने येतात आणि पंख टाकून फरशीवर चालायला लागतात ती वाळवी, तिचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. भातशेतीजवळ राहत असाल तर हिरवे तुडतुडे येतात, हात लावला की टुणकन उडी मारतात. नदी-धरणाजवळच्या लोकांना अजून एक फसवणारा भेटतो, कॅडिसफ्लाय. छपरासारखे पंख, तपकिरी रंग, लांबच लांब मिशा पुढे काढलेल्या, अगदी पतंगच वाटतो, पण पंखांवर खवले नसून बारीक केस असतात. बोट लावल्यावर पावडर लागली तर पतंग, हे समजायला पुरेसं आहे.

बाथरूमच्या टाइल्सवर बसणारे काळपट, केसाळ, बदामाच्या आकाराचे बारके जीव ही माशी आहे, पतंग नाही. दोनच पंख असतात आणि पैदास ड्रेनच्या गाळात होते, जाळी काढून पाइप घासला की कमी होतात.

३. ते लाईटकडे का येतात? चंद्र समजून येतात असं शाळेत शिकवलं होतं.

ते जुनं झालं. २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक संशोधन आलं, त्यात हाय-स्पीड कॅमेऱ्याने दिव्याभोवती उडणाऱ्या किड्यांचं शूटिंग केलं होतं. त्यात दिसलं की उडताना किडे आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. लाखो वर्षं रात्री उजेड म्हणजे आकाश, म्हणजे वर, त्यामुळे पाठ उजेडाकडे ठेवली की सरळ उडता येतं. आपला बल्ब बाजूला किंवा खाली आला की ते त्याच्याकडे पाठ करायला कलतात आणि वळत वळत तिथेच अडकतात, म्हणजे प्रेमाने येत नाहीत, बिचारे फसतात. ही माहिती ओळखायलाही कामाला येते: दमलेला पतंग दिव्यावर नाही, दिव्याजवळच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत, कुंडीखाली जाऊन बसतो, तिथे शोधा.

४. "तपकिरी आहे, एक सेंटीमीटर आहे, नाव सांगा." एवढ्यावरून का नाही सांगता येत?

कारण तपकिरी आणि एक सेंटीमीटर हे वर्णन शेकडो जातींना लागू पडतं. रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघा तो बसतो कसा. कुटुंब, म्हणजे एकमेकांशी नातं असलेल्या जातींचा मोठा गट, ठरायला ढब पुरते, आणि एकदा कुटुंब कळलं की शोध एकदम लहान होतो.

पंख सपाट पसरून त्रिकोण केलाय, पाय लांब आणि किडकिडीत, मिशा पाठीवरून मागे टाकल्यात, तर तो बहुतेक क्रॅम्बिडे. पडवीत येणाऱ्या बारक्यांमध्ये हेच सगळ्यात जास्त. चारही पंख भिंतीला चिकटवून पसरलेत, शरीर बारीक आणि पुढच्या पंखावरची रेघ मागच्या पंखावर तशीच पुढे गेलीय, तर जिओमेट्रिडे, यांच्या अळ्या टाच-बोट मोजल्यासारख्या चालतात. छाती जाड केसाळ, पंख घराच्या छपरासारखे उतरते, पंखावर एक गोल आणि एक मूत्रपिंडासारखा डाग, तर नॉक्ट्युइडे, शेतातल्या बऱ्याच नावाजलेल्या किडी यातल्याच. पंख अंगाभोवती घट्ट गुंडाळलेला, लांबट, काडीसारखा असेल तर फूटमन गटातला असू शकतो. खांदे रुंद आणि मागे घंटेचा आकार असेल तर टॉर्ट्रिसिडे. अगदी चिंचोळा, तोंडाजवळून दोन शिंगं वर वळल्यासारखी दिसतात, तर गेलेकिडे, गुलाबी बोंडअळीचा पतंग यातलाच. ती शिंगं म्हणजे मिशा नाहीत, तोंडाचे अवयव आहेत, झूम केल्याशिवाय दिसत नाहीत. आणि पुढे लांब सोंड काढल्यासारखं थोबाड दिसत असेल तर तेही लिहून पाठवा, हायपेना वगैरे गट त्यावरूनच पकडता येतात.

हे पाठ करायची गरज नाही. चार-सहा रात्री स्वतःच्या भिंतीवर नुसतं बघत बसलं की क्रॅम्बिडे आणि नॉक्ट्युइडे आपोआप वेगळे दिसायला लागतात.

५. मोबाईलने फोटो कसा काढू? माझे सगळे ब्लर येतात.

बरोबर वरून काढा, तिरका नको. पंखावरच्या रेघा सरळ दिसल्या पाहिजेत. मग एक बाजूने, थोबाड आणि मिशा दिसतील असा. दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च बाजूने मारा, समोरून फ्लॅश मारला तर खवले चमकून पांढरा भपका येतो. फार जवळ जाऊ नका, थोडं लांबून काढून नंतर क्रॉप केलेलं चांगलं. शेजारी पट्टी धरून एक फोटो काढा म्हणजे मापाचा वाद मिटतो.

लाईट फार उंच असेल तर खाली पांढरी चादर नाहीतर जुनं धोतर बांधा, पतंग त्यावर उतरतात. फारच फडफडत असेल तर पारदर्शक डबीत धरून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. गार झाला की शांत बसतो, फोटो काढा आणि झाडीत सोडा. गाव, तारीख, वेळ आणि आजूबाजूला काय लावलंय हे लिहा, का ते प्रश्न ९ मध्ये आहे.

६. चॉकलेटी पंख, मधून पांढरा पट्टा, रोज चार-पाच असतात. कोण हा?

स्पोलाडिया रिकर्व्हॅलिस, हा तर पडवीचा कायमचा पाहुणा. गडद तपकिरी, पुढच्या आणि मागच्या पंखावरून स्वच्छ पांढरा पट्टा, टोकाकडे अजून एक छोटी पांढरी रेघ. लॉनवर किंवा गवतातून चालताना दिवसाही पायाजवळून भुर्रकन उडून पुढच्या पानाखाली बसतो तो हाच. अळी माठ, राजगिरा, पालक, बीट, घोळ खाते. कुंडीतल्या माठाची पानं गुंडाळलेली आणि जाळीदार झाली असतील तर पानं उलटी करून बघा, हिरवी अळी सापडेल. पट्टा ठळक असल्यामुळे नवशिक्याने यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

७. पांढरे पतंग तर सगळे सारखेच दिसतात. कसे वेगळे करायचे?

पांढऱ्यांपैकी हे तीन जण सारखे विचारले जातात.

पंख पारदर्शक मोत्यासारखे पांढरे, कडेने जाड काळपट-तपकिरी बॉर्डर आणि शेपटीच्या टोकाला केसांचा गोंडा, जो तो फुलवून सतत हलवत राहतो, तो डायफेनिया इंडिका. काकडी, दुधी, तोंडलीच्या वेलांवरची पानं गुंडाळणारी अळी याचीच. गोंडा बघून बरेच जण घाबरतात की नांगी आहे, नुसते केस आहेत ते.

पांढऱ्या पंखांवर गुलाबीसर-तपकिरी धब्बे आणि पोटाचं टोक वर वळवून बसलेला असेल तर ल्युसिनोडेस ऑर्बोनॅलिस. म्हणजे वांग्यातली अळी. वांगं चिरल्यावर जिच्यामुळे अख्खं कुटुंब नाक मुरडतं ती मोठी झाल्यावर इतकी देखणी होते यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

तिसरा भाताच्या खाचरांजवळचा. पंख पांढरे, त्यावर बारीक काळे-तपकिरी ठिपके, अंग नाजूक. हा पॅरापॉयनिक्स, भातावरच्या सुरळीतील अळीचा पतंग. अळी पानाच्या तुकड्याची सुरळी करून त्यात राहते, पाण्यावर तरंगते, तिला चक्क कल्ले असतात. शहरात तळं किंवा डबकं जवळ असेल तर याचे भाऊबंद तिथेही येतात.

८. पिवळा पतंग, प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका. शेतात भात आहे. फवारणी करू का?

ओळख सोपी आहे: भाताच्या पिवळ्या खोडकिड्याची मादी, सिर्पोफागा इन्सर्टुलास. नर मळकट तपकिरी, लहान आणि त्याचा ठिपका ठळक नसतो, म्हणून लोक दोघांना दोन जाती समजतात. मादीच्या शेपटीला केसांचा पुंजका असतो, अंडी घातली की ती हे केस त्यावर पसरते, त्यामुळे पानाच्या टोकाजवळचा अंडीपुंज मळकट पिवळ्या लोकरीच्या ठिपक्यासारखा दिसतो.

फवारणीचं मात्र पडवीतल्या दिव्यावरून ठरवू नका. लाईट आजूबाजूच्या सगळ्यांच्या शेतातले पतंग ओढतो. बांधावर उतरा, गाभा सुकलाय का बघा, खोडकिड्याचा सुकलेला पोंगा ओढला की सहज हातात येतो. साधारण ५ टक्के गाभेमर (गाभा सुकलेले फुटवे) किंवा चौरस मीटरला १ अंडीपुंज ही पातळी धरतात, त्याच्या खाली औषधाचा खर्च वाया. पुढचं कृषी सहायकाला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, औषधाचं नाव मी सांगणार नाही.

याच भागात दिसणारा फिकट पिवळा, पंखावर दोन पूर्ण आणि मध्ये एक तोकडी काळपट रेघ असलेला बारका पतंग वेगळा, ती पाने गुंडाळणारी अळी, नॅफॅलोक्रोसिस मेडिनॅलिस.

९. घराजवळ कुठली झाडं आहेत हे का विचारता?

कारण पतंग लाईटवर आला तरी तो वाढला कुठल्यातरी झाडावर, आणि बऱ्याच अळ्यांचा मेनू ठरलेला असतो. अंगणात तगर असेल आणि फिकट पोपटी, कडेला तांबूस रेघ असलेला पतंग आला तर पॅरोटिस बघायचा, तगरीची चिकटवलेली पानं उघडली तर अळीही सापडेल. परसात तूर, वाल, चवळी असेल तर मारुका व्हिट्राटा: तपकिरी पंखांत काचेच्या खिडक्या आणि पुढचं अंग उचलून ऐटीत बसणं. कोबी-फ्लॉवरच्या पट्ट्यात अगदी बारका, राखाडी, पंख मिटल्यावर पाठीवर शंकरपाळ्यांची ओळ उमटते तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग, प्लुटेला. टोमॅटोवाल्यांनी टुटा ॲब्सोल्युटा लक्षात ठेवावा, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे २०१४ मध्ये पोचला, पण त्याच्यासारखे राखाडी बारके इतके आहेत की नुसत्या फोटोवर मी हो म्हणत नाही.

विदर्भ, ठाणे-पालघर, जिथे साग आहे तिथे पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाची पानं जाळी होऊन अख्खी टेकडी तांबडी दिसते. त्या दिवसांत लाईटवर पिवळा आणि त्यावर लालसर नागमोडी रेघांचा पतंग आला तर युटेक्टोना माकेरॅलिस. झाड मेलंय असं समजून घाबरू नका, साग परत फुटतो.

१०. इंग्रजी टी अक्षरासारखा बसलाय, डासासारखा पण डास नाही.

प्लूम मॉथ, टेरोफोरिडे. त्याचे पंख पिसांसारखे चिरलेले असतात आणि बसताना ते गुंडाळून आडवे धरतो. कुटुंब लांबूनही ओळखू येतं, जात ओळखणं कठीण, प्रश्न १६ बघा.

११. स्वयंपाकघरात उडणारे आणि बाहेर लाईटवर येणारे एकच का?

बहुतेक वेळा नाही. किचनमधले डब्यातून निघालेले असतात. पंखाचा पुढचा भाग फिकट आणि मागचा तांब्याच्या रंगाचा असेल तर इंडियन मील मॉथ, ड्रायफ्रूट आणि पिठाचा शौकीन. सरसकट मळकट राखाडी असेल आणि तांदूळ-रव्यात जाळी होऊन गोळे झाले असतील तर कॉर्सिरा. आणि गव्हा-मक्याच्या दाण्याला गोल भोक पाडून बाहेर पडणारा गवती रंगाचा पिटुकला म्हणजे सिटोट्रोगा. लाईट बंद करून काही होणार नाही, डबा शोधा, बहुतेक मागच्या रांगेतला विसरलेलाच असतो.

कॉर्सिराला शिव्या घालण्याआधी एक सांगतो, शेतात मित्रकीटक सोडायला ट्रायकोकार्ड लावतात ना, त्यावरचे मित्रकीटक याच पतंगाच्या अंड्यांवर वाढवतात.

१२. भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी राखाडी पिशवी चालतेय! हे काय?

फेरिओका नावाच्या बारक्या पतंगाची अळी. रेशीम, धूळ, वाळू वापरून चपटी पिशवी विणते, दोन्ही टोकांना दार असतं आणि कुठल्याही बाजूने डोकं काढून चालते. खाणं म्हणजे कोळ्याची जळमटं, केस, लोकरीचा धुरळा. मोठा पतंग राखाडी, त्यावर थोडे काळे ठिपके, इतका साधा की कुणी बघत नाही. जळमटं काढलीत आणि कपाटामागे झाडलंत की संपलं.

१३. लाईटवरचे पतंग साड्या खातील का?

नाही. कपडे खाणाऱ्या पतंगांना उजेड आवडत नाही, ते कपाटातल्या अंधारात राहतात, आणि नुकसान अळी करते, तेही रेशीम, लोकर, केसाचं. धुतलेल्या सुती कपड्यात तिला खायला काही नाही.

१४. पतंग अंगावर बसला आणि सकाळी जळल्यासारखा चट्टा उठला. विषारी होता का?

चट्टा लांबट, भाजल्यासारखा असेल तर संशय पतंगावर नको, पेडेरस नावाच्या भुंग्यावर घ्या. शेंगदाण्याहून बारका, लांबट, नारिंगी-काळा, मुंगीसारखा पळतो आणि पावसाळ्यात लाईटवर येतो. चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्यातल्या द्रवाने कातडी पोळते. फुंकून उडवा, चोळू नका, लागलाच तर साबणाने लगेच धुवा, डोळ्याजवळ असेल तर डॉक्टरांकडे जा.

पतंगाची पावडर म्हणजे पंखावरचे खवले, त्याने आंधळं वगैरे होत नाही, दम्याच्या माणसाला शिंका-खोकला येऊ शकतो. पिवळ्या केसाळ युप्रॉक्टिस गटाला मात्र हात लावू नका, त्यांच्या सुरवंटाचे खाजरे केस काही वेळा मोठ्या पतंगाच्या शेपटीलाही असतात.

१५. शेपटीतून चार केसाळ नळ्या बाहेर आल्यात, व्हायरल व्हिडिओतला एलियन आमच्याकडे आलाय!

क्रिएटोनोटोस गँगिस, नर. आपल्याकडे सर्रास आढळतो. फिकट मातकट पंखावर काळी लांब रेघ, पोट लाल-केशरी. त्या नळ्या हवा भरून फुगवतो आणि त्यातून मादीसाठी वास सोडतो, काम झालं की परत आत. म्हणून त्याच पतंगाचा नळ्यांशिवायचा फोटो बघून "हा वेगळा आहे" असं वाटतं. अळीने काय खाल्लं होतं यावर नळ्या केवढ्या होणार हे ठरतं.

१६. एकच फोटो, ॲप एक नाव देतं, दुसरा माणूस दुसरं. खरं काय?

ॲप शिकतं ते लोकांनी टाकलेल्या फोटोंवरून. ज्या जातीचे फोटोच कमी आहेत ती त्याला माहीतच नसते, मग ते जवळ जाणारं दुसरं नाव ठोकून देतं, कधीकधी दुसऱ्या खंडातलं. सुचवलेली जात भारतात आढळते का हे आधी बघा.

दुसरं म्हणजे काही पतंग फोटोवरून जातीपर्यंत जातच नाहीत. पांढऱ्यावर लाल-काळे ठिपके असलेला देखणा युटेथेसा घ्या, अळी खुळखुळ्यावर वाढते. पुल्चेला आणि लोट्रिक्स या त्याच्या दोन्ही जाती आपल्याकडे आहेत आणि पंख मिटलेल्या फोटोत कोण कुठला हे सांगणं धोक्याचं. स्कोपुला (जिओमेट्रिडेमधला एक गट), प्लूम मॉथ, बरेचसे गेलेकिडे यांचं तर सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रिय तपासूनच नक्की करतात. अशा वेळी नुसतं "युटेथेसा" लिहिणं हे अर्धवट उत्तर नाही, तेच बरोबर उत्तर आहे. ग्रुपवर ठामपणे पूर्ण नाव फेकणाऱ्यापेक्षा कुटुंबापाशी थांबणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

१७. कधी बघायला बसू? जानेवारीत तर काहीच येत नाही.

जून ते ऑक्टोबर. ढगाळ, दमट, वारा नसलेली आणि अमावास्येच्या आसपासची रात्र सगळ्यात चांगली, धो धो पावसात कुणी येत नाही. अंधार पडल्यावर पहिली लाट येते पण काही जाती मध्यरात्रीनंतरच, म्हणून पहाटे उठून भिंत बघा, पक्ष्यांनी नाश्ता करायच्या आत. थंडीत कमी असतात, शून्य नसतात. नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाका, पडताळायला 'मॉथ्स ऑफ इंडिया' ही साइट आहे. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात नॅशनल मॉथ वीक असतो, २०१२ पासून चालू आहे, आपल्या पावसाळ्यात अगदी बरोबर बसतो.

१८. मला बघायचे नाहीत, कमी करायचेत.

पांढरा-निळसर बल्ब काढून पिवळा वॉर्म एलईडी लावा, तोंड खाली करा, गरज नसताना बंद ठेवा. पंप मारू नका, मेलेल्यांवर मुंग्या येतील आणि नवे येतच राहतील.

१९. पंख झिजलेले, नक्षी गेलेली. याचं काही होऊ शकतं का?

जातीचं अवघड. मोठे झालेले बारके पतंग साधारण आठवडा-दोन आठवडे जगतात आणि त्यात खवले गळत जातात, ठळक पांढरा पट्टासुद्धा फिका पडतो, शेवटी सगळे मळकट तपकिरी. पण ढब बदलत नाही, मिशा आणि थोबाड बदलत नाही, त्यामुळे प्रश्न ४ प्रमाणे कुटुंबापर्यंत जाता येतं. त्याच भिंतीवर त्याच आठवड्यात ताजा कुणी आलाय का बघा, शेजारी ठेवून तुलना केली की बऱ्याचदा जुळतं. एकच पंख सापडला असेल तरी फेकू नका, वरून आणि खालून दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठवा, पालीने जेवून टाकलेल्या पंखावरूनही कधीकधी नाव लागतं.